लिंबू, सिरका आणि आम्ही दोघी

आम्ही दोघी जावा. थोरलीचं माहेर खाडीच्या पलीकडच्या तीरावरचं, होडीनं वीस मिनिटांचं. धाकटीचं सोलापूर. वाशिष्ठी जिथं समुद्राला मिळायला निघते त्या बाजूचं आमचं सासरचं गाव. थोरली 1996 साली या घरात आली, धाकटी 2004 साली. एकीच्या हाताला नारळाची सवय, दुसरीच्या हाताला शेंगदाण्याच्या कुटाची. एकीचं घराणं शाफई, दुसरीचं हनफी. नमाजेत हात बांधण्यापासून आमटीच्या फोडणीपर्यंत आमचं वेगळं होतं. पण चूल एक होती, आणि चूल एक असली की बाकीचं हळूहळू एक होत जातं. म्हणून हे लिहिताना 'मी' असं लिहवत नाही. जे झालं ते दोघींच्या हातून झालं.

गोष्ट कोशिंबिरीची आहे. हसू येईल, पण आमच्या घरात तिच्यापायी रडूही आलेलं आहे.

2009 साली अब्बांच्या पायाला नवी चप्पल लागली. डाव्या अंगठ्याजवळ एवढासा फोड. साखरेमुळे पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे दुखलं नाही. दुखलं नाही म्हणून कुणी पाहिलं नाही. दोन महिन्यांत गुडघ्याखालून पाय काढावा लागला. पुढच्या वर्षी अब्बा गेले. त्यांच्या पथ्याचा कागद कपाटाच्या दाराला आतून कितीतरी वर्षं चिकटलेला होता. त्यावर मुगाचं वरण होतं, ज्वारीची भाकरी होती, दुधीची भाजी होती. आमच्या चुलीवर रोज शिजणारं त्यात फारसं काही नव्हतं. तांदळाची रोटी, मच्छीचं कालवण, जुम्म्याचं मटण, यांचं काय करायचं ते कागदाला ठाऊक नव्हतं. एकच ओळ ओळखीची वाटायची: 'कोशिंबीर भरपूर.' अब्बांच्या ताटात आम्ही ती भरपूर वाढली. पण तिच्यावर काय घालायचं आणि किती, हे कागदावर नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही.

कोशिंबीर अब्बांच्या ताटात होती, आमच्या नव्हती. आपल्या बहुतेक घरांत दस्तरखान आधी पुरुषांचा, मग मुलांचा. बायका शेवटी बसतात. तोवर काकडी-कांद्याच्या ताटलीत उरतं ते खारट पाणी. देगचीच्या तळाशी मात्र मसाला, तेल आणि खरवड उरलेली असते. ती टाकवत नाही. अन्न टाकणं गुनाह, म्हणून आम्ही ती पोटात टाकत आलो. घरातल्या पुरुषांची साखर आम्ही कागदावर लिहून ठेवायचो. आमची स्वतःची कधी तपासलीच नव्हती.

2022 साली गावात तपासणी शिबिर झालं. पोरीबाळींनी ओढून नेलं म्हणून गेलो. उपाशीपोटी थोरलीची साखर 186 निघाली, धाकटीची 112. पुढे थोरलीची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली, ती 8.4. धाकटीला सांगितलं, तुम्ही उंबरठ्यावर आहात. त्या रात्री आम्ही दोघी मागच्या पडवीत बराच वेळ काही न बोलता बसलो. दोघींच्याही डोळ्यांपुढे अब्बांचा पाय होता.

दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, दुपारी आणि रात्री आधी भांडंभर सॅलड खायचं, मग बाकीचं. भाज्या आधी आणि भात-रोटी नंतर खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं अभ्यासांतही दिसलेलं आहे. म्हणजे विचार चुकीचा नव्हता. चुकलं ते पुढे.

घरातले थोरले वीस वर्षं कुवेतला होते. तिथल्या हॉटेलांतलं फत्तूश आणि तबूले त्यांच्या जिभेवर बसलेलं. दर सुट्टीत ते ऑलिव्ह तेलाचे डबे आणायचे. जैतूनचा उल्लेख कुराणशरीफात आहे, त्यामुळे त्या डब्याकडे आम्ही जवळजवळ दवा म्हणूनच बघायचो. पुण्याला शिकणारी लेक मेयोनीजची आणि थाउजंड आयलंडची बाटली घेऊन आली. एका भाच्यानं दुबईहून लसणाचं पांढरंशुभ्र तूम आणलं. आम्ही काकडी, गाजर, कोबी चिरायचो आणि वरून यातलं काहीतरी ओतायचो. तेल तर मोकळ्या हातानं. दवाच ती, जास्त झाली तर काय बिघडतं?

तीन महिन्यांनी थोरलीचं वजन दीड किलोनं वाढलेलं, धाकटीचं एक किलोनं. साखर जिथल्या तिथं. चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सॅलडवर काय घालता?" आम्ही अभिमानानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी जाऊन एक करा. रोज घालता तसंच तेल वाटीत ओता, आणि मग ते चमच्यानं मोजा."

मोजलं. एकीच्या वाटीत पोह्याचे मोठे तीन चमचे भरले, दुसरीच्या वाटीत चौथ्यातही थोडं गेलं. त्या चमच्यात साधारण 15 मिलिलिटर तेल बसतं आणि त्याच्या जवळजवळ 120 कॅलरी होतात. मग ते तेल ऑलिव्हचं असो, शेंगदाण्याचं असो की करडईचं. एक चमचा म्हणजे साधारण एक चपाती. म्हणजे आम्ही चपाती सोडली आणि तीन चपात्या काकडीवर ओतून खात होतो.

मग बाटल्या उन्हात धरून बारीक अक्षरं वाचायला बसलो. धाकटी बारावीपर्यंत शिकलेली, ती वाचायची. थोरली हिशोबाला पक्की. साधं मेयोनीज म्हणजे बहुतांशी तेलच, अंड्याच्या बलकात घुसळलेलं. एका मोठ्या चमच्याला 90 ते 100 कॅलरी. तूम म्हणजे लसूण, लिंबू, मीठ आणि बाकी सारं तेल. ढगासारखं हलकं दिसतं म्हणून फसायला होतं. थाउजंड आयलंडमध्ये तेलाबरोबर साखरही. 'लो फॅट' लिहिलेली एक बाटली होती, तिच्यावर आमचा मोठा भरवसा. तिच्यात तेल कमी होतं हे खरं, पण पाण्याच्या मागोमाग साखर लिहिलेली, मग स्टार्च, मग मीठ. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, हे आम्हाला तेव्हा कळलं. जे पहिल्या दोन-तीन नावांत आहे, बाटलीत मुख्यतः तेच आहे. चव तेलातून काढली तर ती कुठून तरी परत घालावी लागते, आणि बाटलीवाल्यांना साखर आणि मीठ सगळ्यात स्वस्त पडतं. लिंबू-मधाचं ड्रेसिंग आम्हाला फार पथ्याचं वाटायचं. मधात शिफा आहे हा आमचा ईमान आहे, पण एका मोठ्या चमचाभर मधात 17 ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि साखरेच्या रोग्याला ती मोजावीच लागते.

यानंतर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. सगळ्या बाटल्या बंद, तेलाचा थेंबही नको. काकडी, गाजर, कोबी, वर नुसतं मीठ-लिंबू. आठ दिवसांत घशाखाली उतरेना. अम्मी ताटाकडे बघून म्हणाल्या, "अगो पोरींनो, बकरीला घालतात ते तुम्ही का खाताय?" डॉक्टरीणबाईही रागावल्या. गाजर-टोमॅटोतलं, हिरव्या पाल्यातलं जे रंगाचं सत्त्व असतं, ज्याच्यापासून अंगात अ जीवनसत्त्व बनतं, ते थोड्या तुपा-तेलाच्या सोबतीशिवाय अंगी लागत नाही. तेल शत्रू नाही, फक्त ते हातानं नाही, चमच्यानं घालायचं. माणशी चहाचा एक चमचा. त्याच्या चाळीस-पंचेचाळीस कॅलरी.

विलायती रीत तीन भाग तेलाला एक भाग सिरका अशी आहे. आम्ही ती उलटी केली. दोन भाग लिंबू किंवा सिरका, एक भाग तेल, चिमूटभर मोहरीची पूड, ठेचलेली लसूण, मिरी. हे झाकणाच्या बाटलीत घालून खळखळ हलवायचं, मग मोहरीमुळे ते थोडा वेळ एकजीव राहतं आणि थोडंसंच सगळ्या पानांना पुरतं. चिरलेली भाजी मात्र आधी कोरडी हवी. पाणी राहिलं की मसाला तळाशी जातो आणि माणूस आणखी ओततो.

सिरक्यावरून आमच्या घरात वाद झाला, तो सांगायला हवा. भाच्यानं आणलेल्या एका बाटलीवर 'रेड वाइन व्हिनेगर' असं लिहिलेलं. अम्मींनी ती ओट्यावरून उचलून सरळ बाहेर ठेवली. धाकटी म्हणाली, "अम्मी, दारूचा सिरका झाला की तो पाक होतो, आमच्या सोलापूरला असंच मानतात." अम्मी म्हणाल्या, "आपोआप झाला असेल तर होतो. त्यात काही घालून केला असेल तर नाही होत." दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. हनफी मजहबात दारूचं रूप पालटून सिरका झाला की तो जायज, मग तो कसाही होवो. शाफई मजहबात तो आपोआप आंबून झालेला असावा लागतो. त्यात काही घालून मुद्दाम केलेला चालत नाही. बाटलीवर तर ते लिहिलेलं नसतं. थोरलीनं तोडगा काढला: "उसाचा मिळतो, सफरचंदाचा मिळतो. एका बाटलीसाठी घरात दोन मजहब कशाला उभे करायचे?" बाटली भाच्याला परत गेली. तेव्हापासून फ्रेंच मोहरीची बाटली घेतानाही आम्ही मागे वाचतो, कारण तिच्यात कधीकधी पांढरी वाइन असते.

आपल्याकडे सिरक्याची इज्जत जुनी आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर यांची रिवायत आहे. हुजूरांनी घरात रोटीबरोबर लावायला काही आहे का विचारलं, सिरक्याशिवाय काही नव्हतं, तर त्यांनी तोच मागवला आणि खाताना त्याची तारीफ केली. ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकलेली. पण ऐकताना 'सिरका' हा शब्दच आमच्या ध्यानात राहिला. घरात जे साधं आहे त्याचंच गोडव्यानं कौतुक करणं, हा तिचा दुसरा अर्थ आम्हाला फार उशिरा उमगला. जेवणाबरोबर सिरका घेतला तर नंतरची साखर थोडी कमी चढते असं काही अभ्यासांत दिसलंय. पण थोडीच. त्यानं गोळी सुटत नाही. गावातल्या एका बाईनं गोळ्या सोडून रोज सकाळी नुसता सिरका प्यायला सुरुवात केली. दात आंबले, घसा सोलला आणि साखर तीनशेच्या वर गेली. सिरका काकडीवर घालावा, गोळीच्या जागी नाही. आणि स्वस्त पांढऱ्या बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं असतं, ते ॲसिटिक ॲसिड आणि पाणी असतं, फळाचा वा उसाचा सिरका नव्हे, हेही बघून घ्यावं.

या सगळ्या धांदलीत एक दिवस धाकटीनं माहेरची आठवण काढली. सोलापूरला मेथी किंवा कांदापात बारीक चिरून, मीठ-मिरची लावून, वर शेंगदाण्याचं कूट आणि करडईच्या तेलाची धार सोडून हातानं घोळतात. घोळाणा म्हणतात त्याला. तिनं तो केला, धारेऐवजी चमचा मोजून. थोरलीनं काकडी किसून, पाणी पिळून, घट्ट दह्यात जिरेपूड आणि पुदिना घालून कालवली. अर्ध्या वाटी घरच्या दह्याच्या साठाच्या आतबाहेर कॅलरी, वर प्रथिनं. मग दोघींना सूर सापडला. मेयोनीजची हौस झाली की लसूण-मिरी घातलेला दह्याचा चक्का. फत्तूशची आठवण झाली की लिंबू, सुमाकऐवजी आमसुलाची भुकटी आणि तळलेल्या खुब्जऐवजी तव्यावर कडक भाजलेला रोटीचा तुकडा. तीळ वाटून ताहिनी घरीच होते. मात्र तिच्या मोठ्या चमच्यालाही नव्वदेक कॅलरी असतात, म्हणून एक चमचा ताहिनीत चार चमचे दही. शेंगदाण्याचं कूट एक चमचा, ओला नारळ एक चिमूट. नारळाच्या बाबतीत थोरलीचा हात आवरायला सगळ्यात वेळ लागला. तिचं म्हणणं, कोकणात नारळ मोजायचा तर मग जगायचं कशाला?

हे सगळं जमत आलं होतं तेव्हाच आमच्या हातून ती चूक झाली.

अम्मींना रक्तदाब आहे आणि किडनी जरा अधू झालेली आहे. मीठ कमी करा, असं त्यांना सांगितलेलं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, ही निरोग्यासाठीची मर्यादा. अम्मींना त्याहूनही जपायला हवं होतं. कोकमाच्या आगळात मीठ असतं, लोणच्यात असतं, सुक्या मच्छीत तर असतंच. आम्ही आता शहाण्या झालेल्या. दुकानातून 'लो सोडियम' लिहिलेलं मीठ आणलं आणि अम्मींच्या कोशिंबिरीत, कालवणात तेच घालायला लागलो. चव तशीच, म्हणून हातही सैल. जोडीला टोमॅटो रोज आणि गरमीचे दिवस म्हणून शहाळ्याचं पाणी.

2023 च्या रमजानच्या आधी अम्मींना अशक्तपणा आला. पाय उचलेना, छातीत धडधड. चिपळूणला नेलं. रक्तातलं पोटॅशियम 6.2 निघालं, ते साडेतीन ते पाचच्या मध्ये असायला हवं. डॉक्टरांनी विचारलं, घरात मीठ कुठलं? त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम घातलेलं असतं. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते. अम्मींची टाकू शकत नव्हती, आणि त्यांची रक्तदाबाची गोळीही पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी होती. वर टोमॅटो, वर शहाळं. हृदय बंद पडू शकलं असतं, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

दोन रात्री आम्ही पाळीपाळीनं इस्पितळाच्या बाकड्यावर बसलो. अब्बांच्या वेळी आम्हाला काही ठाऊक नव्हतं, म्हणून स्वतःला माफ करता आलं होतं. या वेळी अर्धं ठाऊक होतं. आम्ही पाकिटाचा समोरचा भाग वाचला होता, मागचा वाचला नव्हता. जो धडा मेयोनीजच्या बाटलीवर शिकलो, तोच मिठाच्या पुडीला लावायचं सुचलं नव्हतं. 2025 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं मीठ बदलण्याबद्दल सल्ला दिला, तेव्हा त्यात किडनीच्या रोग्यांना स्पष्ट वगळलेलं होतं. ते वाचताना धाकटीचा आवाज कापत होता.

अल्लाहची मेहेरबानी, अम्मी घरी आल्या. आम्ही त्यांच्या पायाशी बसून कबूल केलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी केलंत. पण आता स्वतःच्या मनानं काही करू नका, आणि माझ्यापासून लपवूही नका." आता त्यांचं वेगळं काढतो. साधं मीठ, पण चिमटीनं. टोमॅटोऐवजी काकडी, कोबी, कांदा. आंबटाला लिंबाचे चार थेंब, वासाला भाजलेलं जिरं आणि पुदिना. एकाच घरात तीन माणसांना तीन कोशिंबिरी लागतात, हे कळायला आम्हाला चौदा वर्षं लागली.

त्या रमजानमध्ये इफ्तारला आम्ही भजी बंद केली नाहीत. तसं केलं तर घरात बंड होतं. पण खजूर-पाण्यानंतर आधी उकडलेल्या हरभऱ्यांचं, काकडी-कांद्याचं, लिंबू आणि चमचाभर तेलाचं भांडं दस्तरखानावर ठेवलं. ते सगळ्यांत फिरलं की मग भजी. भजी निम्मी उरायला लागली. शादीच्या दावतीतही आम्ही आता बोलतो. आपल्याकडे मटणाच्या डेगा किती याची चर्चा महिनाभर चालते आणि सॅलड म्हणून कांद्याच्या चकत्या आणि लिंबाची फोड. मागच्या साली पुतणीच्या लग्नात आम्ही दह्याची कोशिंबीर डेगीच्या हिशोबानं करायला लावली. काही पाहुण्यांनी नाक मुरडलं. बायकांच्या पंगतीत मात्र ती आधी संपली.

थोरलीची सरासरी आता 6.9 वर आहे, गोळीसकट. धाकटी अजून उंबरठ्यावरच आहे, आत गेलेली नाही. यात कोशिंबिरीचा वाटा किती, गोळीचा किती, चालण्याचा किती, ते आम्ही सांगू शकत नाही. पण एक बदल कोशिंबिरीनंच केला. ती ताजी खावी लागते. मीठ लावून ठेवली की तिला पाणी सुटतं, शेवटी बसणारीला ती मिळत नाही. म्हणून आम्ही शेवटी बसणं सोडलं. दस्तरखान एकच पडतो आणि आम्ही दोघी त्यावर असतो. पहिल्या दिवशी थोरले जरा बिचकले. मग सरकून त्यांनीच जागा केली.

परवा जेवताना लेकीनं पुण्याहून आणलेली नवी बाटली पुढे केली. अम्मींनी ती हातात घेतली, चष्मा सारखा केला आणि उलटी फिरवून मागचं वाचायला लागल्या. अक्षर बारीक होतं. बाटली धाकटीच्या हातात देत म्हणाल्या, "तूच वाच बघू, आणि मोठ्यानं वाच."